सतरा नंबरचं चुंबक

माझ्या कामाच्या पिशवीत सतरा वस्तू असत. पिशवीच्या झाकणाला आतून पुठ्ठा शिवून घेतला होता आणि त्यावर यादी डकवलेली होती. प्रत्येक वस्तूवर लाल रंगात तिचा नंबर. एक नंबर मोठा पाना, दोन नंबर छोटा पाना, नऊ नंबर साबणाच्या पाण्याची बाटली, चौदा नंबर टेस्टर. संध्याकाळी घरी आलो की पिशवी ओट्यावर उपडी करायची, यादीशी ताडून बघायची आणि वहीत तारखेपुढे 'सतरा' असं लिहायचं. हे झाल्याशिवाय मी चहाला हात लावत नसे. बायको आतून विचारायची, "आली का सगळी पोरं घरी?"

सतरावी वस्तू म्हणजे एक गोल चुंबक. आता माझ्या पिशवीत सोळाच वस्तू आहेत. हा लेख त्या सतराव्या वस्तूबद्दल आणि तिच्यापायी शिवराम नावाच्या माणसाचं जे झालं त्याबद्दल आहे. संपादकांनी पत्रात 'व्यवसायातले गमतीदार अनुभव' असं लिहिलं होतं. गमती आहेत. त्या आधी सांगून टाकतो.

माझं काम गॅसच्या पाइपांवर सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवण्याचं आणि ते चालते ठेवण्याचं. ऐंशीनंतर रत्नागिरीच्या आसपास बेकऱ्या, हॉटेलं, लहानसहान कारखाने लाकूड आणि रॉकेल सोडून गॅसवर येऊ लागले. एका खोलीत सहा-आठ सिलिंडर ओळीने जोडायचे, तिथून पाइप भट्टीपर्यंत न्यायचा आणि भट्टीच्या अलीकडे हा व्हॉल्व्ह. पितळेचं मुठीएवढं धड, त्यातून वर आलेली बोटाएवढी नळी आणि नळीवर टोपीसारखी घातलेली तांब्याच्या तारेची कॉइल. नळीच्या आत एक लोखंडी दांडा असतो. कॉइलमध्ये वीज आली की ती चुंबक बनते, दांडा वर खेचते आणि गॅस सुटतो. वीज गेली की स्प्रिंग दांड्याला खाली दाबते आणि गॅस बंद. दोन्ही वेळेला 'टक' असा आवाज येतो. एवढंच यंत्र.

वीज नसेल तर गॅस नाही, हे त्या व्हॉल्व्हचं सगळं शहाणपण. ते का लागतं, तेही सांगतो. भट्टीला हवा देणारा पंखा विजेवर चालतो. पंखा बंद पडला की ज्योत मरते किंवा भलतीकडे जाते. ज्योत मेली आणि गॅस चालूच राहिला, तर हा गॅस हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही. सांडलेल्या पाण्यासारखा खाली उतरतो आणि खड्ड्यात, गटारात, टाक्याच्या पोटाखाली साठतो. मग कुणीतरी ठिणगी पाडतं.

लोकांना हे पटवणं फार कठीण. हातखंब्याच्या एका हॉटेलवाल्याने माझ्या व्हॉल्व्हची दसऱ्याला साग्रसंगीत पूजा केली. हळदकुंकू, गंध, वर झेंडूचा ओला हार. हाराचं पाणी कॉइलमध्ये झिरपलं आणि दुसऱ्या दिवशी कॉइल जळाली. मी गेलो तर हा हात जोडून उभा. "काय चुकलं ओ माझं? नारळसुद्धा फोडला." मी विचारलं, "कशावर फोडलात?" त्याने व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं. तेव्हापासून दसऱ्याच्या आधी सगळ्या गिऱ्हाइकांना पोस्टकार्ड टाकायला लागलो: पूजा करावी, पाणी घालू नये.

पोफळीला, कोयनेच्या वीजघराशेजारी, एका कंत्राटदाराची खानावळ होती. चालक मोठा तोऱ्याचा. व्हॉल्व्ह बसवताना मला म्हणाला, "लाइट गेली तर गॅस बंद, हे रत्नागिरीत सांगा. इथं लाइट जन्माला येते." मी जेवायला बसलो, पानात भात पडला आणि टक. त्याच्याच खानावळीचा फ्यूज उडाला होता. एवढा चेहरा पडलेला माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. आमटी मात्र त्याने स्वतः दोनदा वाढली.

आणि रजबभाई. बंदराजवळच्या बेकरीचे मालक. खाऱ्या हवेने त्यांच्या कॉइलच्या तारा हिरव्या पडायच्या आणि साखरेच्या वासाने मुंग्या कॉइलच्या टोपीत घर करायच्या. व्हॉल्व्ह अडला की रजबभाई त्याला लाटण्याने बडवायचे. "मास्तर, माराशिवाय ऐकत नाय तो." मला सगळे मास्तर म्हणत, वहीमुळे. दोष कॉइलचा की दांडा अडकल्याचा, हे ओळखायला प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह खोलावा लागे आणि तोवर पाव थंड पडत. त्यांचा भाऊ आखातातून रेडिओ आणि टेप एकत्र असलेला टू-इन-वन घेऊन आला होता, त्याचा एक स्पीकर फाटला. तो समोर पडलेला बघून मला सुचलं. स्पीकरच्या मागचं गोल चुंबक काढून घेतलं. मधे भोक होतंच. कॉइल काढायची, चुंबक त्या नळीवर घालायचं. 'टक' वाजलं तर दांडा ठीक आहे, कॉइल गेली. नाही वाजलं तर आत घाण आहे. दहा सेकंदांत निदान. मी त्यावर लाल रंगाने '१७' लिहिलं. त्या दिवशी मला स्वतःचं जितकं कौतुक वाटलं तितकं पुन्हा कधी वाटलं नाही.

इथपर्यंत गमती.

एमआयडीसीत आंब्याचा रस डब्यांत भरण्याचा एक कारखाना होता. भरून बंद केलेले डबे लोखंडी जाळीत घालून उकळत्या पाण्याच्या टाक्यात सोडायचे आणि ठरावीक वेळ पाणी उकळतंच ठेवायचं. टाक्याखाली गॅसची भट्टी. मधेच पाणी निवलं तर ते डबे पुढे फुगतात, म्हणजे आख्खी जाळी फेकायची. हे टाकं शिवराम सांभाळायचा. हातखंब्याच्या अलीकडे आत त्याचं गाव. वय माझ्याएवढंच, पस्तिशीचं. त्याचे दोघे भाऊ मुंबईत गिरणीत होते. हा एकटा घरी राहिला होता आणि त्याचा त्याला अभिमान होता. सकाळी गुरांचं बघून, सायकल हाणत आठ वाजता कामावर. "मुंबयला काय हाय ओ, मास्तर? सकाळी उटून रांगंत उबं ऱ्हायाचं. हिकडं मी उटलो की माजी जमीन माज्या पायाखाली." गाव सोडायचं नाही, एवढीच त्या माणसाची मागणी होती आणि ती त्या कारखान्यातल्या नोकरीवर उभी होती.

व्हॉल्व्हला तो टकल्या म्हणायचा. टक वाजतो म्हणून आणि वरची टोपी गुळगुळीत म्हणून. मी दारात दिसलो की ओरडायचा, "या मास्तर, टकल्या तुमची आठवण काडीत हुता!"

त्या वर्षी ऐन हंगामात, एप्रिलच्या शेवटी, टकल्याची कॉइल जळाली. शिल्लक कॉइल माझ्याकडे नव्हती. मुंबईला ट्रंक कॉल लावला. एसटीच्या पार्सलने पाठवतो म्हणाले, दोन दिवस लागतील. बाहेर आंब्याच्या पेट्या छपरापर्यंत चढलेल्या. मॅनेजर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. तसा सज्जन माणूस. "दोन दिवस हा आंबा थांबेल का हो?" त्यांनी विचारलं. आंबा थांबत नाही, हे मला कळत होतं.

मी पिशवी उघडली आणि सतरा नंबर काढला. नळीवर ठेवला. टक. गॅस सुटला.

शिवरामला समोर बसवून सांगितलं. "हे आजउद्यापुरतं. आता टकल्या मेलेला आहे असं समज. लाइट गेली तरी तो गॅस बंद करणार नाही. तू करायचास. लाइट गेली की पहिलं काम, चुंबक काढायचं. काय करायचं?"

"चुंबक काडायचा."

"दुसरं?"

"हातानं मेन चावी बंद करायची. आनि लाइट आली तरी घटकाभर थांबायचं, वास बगायचा, मगे पेटवायचं बटण. मास्तर, तीनदा सांगितलंनीत. मी काय बिगारीतला हाय?"

दोन दिवस त्याने सगळं नीट केलं. कॉइल आली, मी बसवली. चुंबक पिशवीत टाकत होतो तेवढ्यात मॅनेजर म्हणाले, "राहू द्या की इथंच. पुन्हा कॉइल गेली तर? आंबा संपला की घेऊन जा."

मी नाही म्हणायला हवं होतं. ती माझी वस्तू होती, तिच्यावर माझा नंबर होता आणि ती भट्टीशी ठेवायची नसते हे त्या खोलीत फक्त मला ठाऊक होतं. पण त्या दोन दिवसांत सगळे माझ्यावर खूश होते. तिथल्या कामगार बायकांनी माझ्यासाठी आंबे बांधून ठेवले होते. मी म्हटलं, बरं.

संध्याकाळी वहीत लिहिलं: 'सोळा. १७ कारखान्यात. आणायचे.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. अकरा दिवस ती ओळ मी रोज खालच्या तारखेवर उतरवत गेलो. 'आणायचे', 'आणायचे'. यादी करणाऱ्या माणसाला एक रोग असतो, तो मला त्यानंतर कळला. लिहिलं की अर्धं काम झाल्यासारखं वाटतं. रोज लिहिलं की पुरतं झाल्यासारखं वाटतं. त्या अकरा दिवसांत मी दोनदा त्या कारखान्यावरून गेलो आणि आत वळलो नाही. गोष्ट वहीत होती, म्हणजे ती माझ्या ताब्यात होती, असं मला वाटत होतं.

आत काय चाललं होतं ते नंतर समजलं. पहिल्या दोन दिवसांत एकदा लाइट गेली तेव्हा चुंबक काढायला शिवरामला थोडा उशीर झाला होता आणि त्याने पाहिलं की पंखा थांबला तरी ज्योत मरत नाही. पिवळी, आळशी होते, पण टाक्याखाली जळत राहते. पाणी उकळत राहतं. डबे वाचतात. त्याने हे मॅनेजरना दाखवलं. त्या उन्हाळ्यात लाइट रोज जायची. मग ठरून गेलं. लाइट गेली की कॉइल काढून खिळ्याला टांगायची, चुंबक घालायचं. लाइट आली की उलट. पुढे हंगामाच्या घाईत उलट करणंही मागे पडलं आणि चुंबकच तिथे राहिलं.

बाराव्या दिवशी दुपारी लाइट गेली. आंबे सोलणाऱ्या बायका बाहेर काजूच्या सावलीत जेवायला बसल्या होत्या. हे एक नशीब. ज्योत पिवळी होऊन जळत होती. दार उघडं होतं. वाऱ्याच्या एका झोताने ती गेली. शिवराम जाळीतले डबे मोजत होता, त्याचं लक्ष नव्हतं. गॅसला वास घातलेला असतो, तो एरवी लगेच येतो. पण त्या शेडमध्ये दोन महिने पिकल्या आंब्याचा वास इतका भरलेला होता, वर वाफ, की तिथे काम करणाऱ्यांची नाकं मेलेलीच होती. पंधरा-वीस मिनिटं गॅस टाक्याच्या पोटाखालच्या खड्ड्यात उतरत राहिला. लाइट आली. शिवरामने वाकून पंखा आणि ठिणगी दोन्ही चालू करणारं ते बटण दाबलं.

आवाज मी दोन मैलांवर ऐकला. कुठला ते कळलं नाही. मी तेव्हा साबणाचं पाणी लावून एका पाइपाची गळती तपासत होतो.

टाकं एका बाजूला कलंडलं होतं. शिवरामचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि उजवा डोळा गेला. जीव वाचला. मी सिव्हिल हॉस्पिटलात गेलो तेव्हा तो गुंडाळलेला पडला होता. त्याची बायको भिंतीशी बसली होती. त्याने उघड्या डोळ्याने मला पाहिलं आणि म्हणाला, "टकल्या बरा हाय काय ओ?"

मी म्हटलं, "बरा आहे." खरंच व्हॉल्व्हला काही झालं नव्हतं.

चौकशीला सरकारी इन्स्पेक्टर आले. टाक्याच्या लोखंडी पायाला चिकटलेलं चुंबक त्यांना सापडलं होतं. ऑफिसात टेबलावर ठेवलेलं. काळं पडलं होतं, पण '१७' वाचता येत होतं. मॅनेजर बसले होते, व्हॉल्व्ह बसवणारा म्हणून मी बसलो होतो आणि हात गळ्यात अडकवलेला शिवराम उभा होता. माझी पिशवी माझ्या खुर्चीखाली होती. तिच्यातल्या सोळा वस्तूंवर त्याच लाल रंगात, त्याच वळणाचे आकडे होते. झाकणावरची जुनी यादी मी आदल्या दिवशी फाडली होती आणि सोळा वस्तूंची नवी डकवली होती. वहीतली त्या अकरा ओळींची पानंही काढली होती. मी ते फार व्यवस्थित केलं. काही बदलल्याची खूण दिसत नव्हती.

इन्स्पेक्टरांनी मॅनेजरना विचारलं, हे चुंबक कुठून आलं. मॅनेजर म्हणाले, "आम्हाला याची काहीच कल्पना नव्हती." मला विचारलं, असं काही व्हॉल्व्हबरोबर येतं का. मी म्हटलं, "नाही." ते खरं होतं. व्हॉल्व्हबरोबर ते येत नाही.

मग शिवरामला विचारलं.

"गावला मला," तो म्हणाला. "रेडिओतला हाय. भंगारात पडलेला हुता."

"आणि हा आकडा? सतरा?"

मी खुर्चीखालच्या पिशवीवर टाच ठेवली.

"आमच्या घरात सतरा मानसा हत, सायेब," शिवराम म्हणाला. "गमतीत लिवला. येवढी मानसा खात्यात माज्या जिवावर, आठवण ऱ्हावी म्हनून."

इन्स्पेक्टर हसले. मॅनेजरही हसले. मीसुद्धा हसलो, हे मला इथे लिहायलाच हवं. शिवरामच्या घरात पाच माणसं होती.

अहवालात लिहिलं गेलं की कामगाराने स्वतःच्या मर्जीने सुरक्षा व्हॉल्व्हमध्ये फेरफार केला. त्याची नोकरी गेली. एका हाताने आणि एका डोळ्याने रत्नागिरीत दुसरं काम मिळेना. पावसाळ्यात शेतीही जमेना. गणपती झाल्यावर मोठ्या भावाने मुंबईला बोलावून घेतलं. कुठल्याशा इमारतीत दारावर बसायचं काम होतं.

तो जाणार त्या दिवशी सकाळी मी हातखंब्याला गेलो. काय बोलायचं ते गडबडू नये म्हणून आदल्या दिवशी कागदावर लिहून घेतलं होतं. तीन ओळी. एक, चुंबक माझं होतं हे मी इन्स्पेक्टरांना पत्राने कळवतो. दोन, मॅनेजरना भेटून त्याला बसल्या कामावर परत घ्यायला लावतो. तीन, माफी.

शिवराम पत्र्याची ट्रंक घेऊन चहाच्या टपरीपाशी उभा होता. बायको-मुलं आली नव्हती. त्यानेच सांगितलं होतं म्हणे, येऊ नका. मला बघून त्याने डाव्या हाताने रामराम केला. माझा हात खिशात होता. त्याने ते बरोबर ओळखलं.

"यादी करून आनलंनीत काय, मास्तर?"

मी कागद बाहेर काढला. तो लांबूनच त्याच्याकडे बघत हसला. "ठेवा तो. माजं काय जायचं ता गेलं. तुमचं नाव आलं असतं तर तुमचं काम गेलं असतं. मगे रजबभाईचा, हाटेलवाल्याचा, समद्यांचे टकले कोन बगनार? कोनतरी मानूस ऱ्हायाला होवा ना, ज्याला कळतं." थोडा थांबून म्हणाला, "पोस्टकारडं टाका मातुर. चुंबक लावू नये म्हनून. दसऱ्यासारकी."

मी काही बोलणार तेवढ्यात गाडी आली. कंडक्टरने ट्रंक वर चढवली. शिवराम डाव्या हाताने दांडी धरून पायरी चढला, उजवा अजून वळत नव्हता. कागद माझ्या हातातच राहिला.

पोस्टकार्डं टाकली. सगळ्या गिऱ्हाइकांना टाकली आणि दर वर्षी टाकतो. रजबभाईंनी उत्तर पाठवलं, "आम्ही लाटण्यावर भागवतो." त्यानंतर माझ्या कोणत्याही व्हॉल्व्हवर अपघात झाला नाही. लोक मला काळजीपूर्वक काम करणारा माणूस म्हणतात आणि नवीन कारखाने मुद्दाम मलाच बोलावतात. इन्स्पेक्टरांना पत्र मी तीनदा लिहिलं आणि एकदाही टाकलं नाही. मॅनेजरांकडे गेलोच नाही. दर वर्षी वाटायचं, शिमग्याला मुंबईकर गावी येतात, तेव्हा शिवराम येईल, तेव्हा समोरासमोर निदान तिसरी ओळ तरी. दोन शिमगे तो आला नाही. भाड्याला पुरत नाही, असं त्याची बायको म्हणाली. तिसऱ्या शिमग्याला ती म्हणाली की माघात काविळीने गेला. तिकडेच केलं सगळं. "लय आठवण काडायचं तुमची," ती म्हणाली. "पत्रात लिवायचं, मास्तरांचा टकल्या कसा हाय इचारा."

तो कागद माझ्या वहीत आहे. तीन ओळी, आणि पुढे बरोबरची खूण करायला सोडलेली जागा. हा लेख छापून आला की पहिल्या ओळीपुढे खूण करावी, असा विचार करून लिहायला बसलो होतो. पण आता शेवटाला आल्यावर दिसतं की तिन्ही ओळी मी शिवरामला वाचून दाखवायला लिहिल्या होत्या. तुम्ही वाचल्याने त्यातली एकही पुरी होत नाही.

काल संध्याकाळी पिशवी ओट्यावर उपडी केली. वहीत तारखेपुढे लिहिलं: सोळा.